अव्वाचा दुसरा तांब्या

लातूर, ५ सप्टेंबर १९८२

ती. अण्णास शरणार्थ.

तुझा माणिक आता लातूरकर झाला. गेल्या महिन्यात सोळा तारखेला लातूर जिल्हा वेगळा झाला आणि उस्मानाबादच्या कचेरीतले आम्ही निम्मेअर्धे कारकून इकडं रवाना झालो. माणसं एस.टी.नं आली, कपाटं ट्रकनं आली, कपाटांच्या किल्ल्या अजून यायच्या आहेत. तोवर फायली जमिनीवर आणि आम्ही फायलींवर.

गंजगोलाईच्या मागं दोन खोल्या मिळाल्या. निलंग्याच्या घरची विहीर आटली, म्हणून अव्वालाही इथं आणलं. इथंही नळ चार दिवसांआड येतो, पण टँकर तरी फिरतो. पोळा कोरडाच गेला. तुरी करपून राहिल्यात.

आता कामाचं. येत्या सव्वीस जानेवारीला नव्या जिल्ह्याचा मोठा कार्यक्रम आहे. आमच्या साहेबांनी विचारलं, आपल्या भागातला कोणी नामवंत माणूस आहे का. मी बोलून गेलो की सिनेमातला वसंतराज म्हणजे निलंग्याचा बसलिंगप्पा, माझा सख्खा मोठा भाऊ. साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी तुझे चार सिनेमे पाहिलेत. तेव्हापासून माझी फाईल कोणी अडवत नाही.

तर अण्णा, ये. चौदा वर्षं झाली तुला इकडं येऊन. अव्वाची तब्येत ठीक आहे. गुडघे धरतात, इतकंच.

तुझा,
माणिक

·

कोल्हापूर, २६ सप्टेंबर १९८२

चि. माणिक यास आशीर्वाद.

तुझ्या साहेबांनी माझे चार सिनेमे पाहिले म्हणजे मला चारदा मरताना पाहिलं. एकूण एकतीस वेळा मेलोय मी. गोळीनं, विषानं, कड्यावरून, दोनदा बैलगाडीखाली. परवा स्टँडवर चहा पीत होतो, तर एक माणूस बायकोला म्हणाला, "हे बघ, ते नेहमी मरतेत ते." ती बाई माझ्याकडं इतक्या मायेनं बघायला लागली की मला चहा संपवता येईना. सव्वीस वर्षांची कीर्ती ती एवढीच. नाव सांगता येत नाही कुणाला, मरण मात्र आठवतं.

त्यातही कसब आहे, तू हसू नकोस. नवा नट मरताना श्वास कोंडतो. कोंडलेला श्वास छातीवर दिसतो. श्वास अर्धा सोडायचा आणि पोटाच्या तळाशी बारीक चालू ठेवायचा. पापणी जोरानं मिटली की फडफडते, म्हणून ती नुसती पडू द्यायची. आणि मुख्य म्हणजे आपल्यावर रडणारी नटी काय बोलते तिकडं लक्ष द्यायचं नाही. मी त्या वेळी निलंग्याच्या घरापासून मठापर्यंतची दुकानं मनात मोजतो. तेल्याच्या दुकानाशी पोचेपर्यंत शॉट संपलेला असतो. हल्ली मात्र मेल्यावर उठायचा कंटाळा येतो. सगळे चहाला गेले तरी पडून राहावंसं वाटतं.

येण्याचं म्हणशील, तर मी येणार नाही. कारण तुला अर्धंच ठाऊक असेल, तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. एकसष्ट साली मला पहिलं बरं काम मिळालं, गावगुंड पैलवानाचं. उघड्या अंगानं सगळं काम. दिग्दर्शक म्हणाला, गळ्यातलं ते काढा, पैलवानाच्या गळ्यात लिंग दिसून चालणार नाही. दोन दिवस मेकअपवाल्याकडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते मला मिशांच्या डब्यात सापडलं, डिंकानं चिकटलेलं. माझं मलाच वाईट वाटलं. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं, अंगावेगळं करायचं नाही आणि त्याची पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, एवढं तर अप्पांनी शिकवलंच होतं. वाटलं, अव्वाच्या हातात सुरक्षित राहील. म्हणून चांदीच्या डबीसकट रजिस्टर पार्सलनं निलंग्याला पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, की सध्या ठेव, पुढं बघू.

अव्वाला कुठं वाचता येतं? पोस्टमननं पार्सल दिलं, तिनं उघडलं, तर आत पोराचं लिंग आणि पोर नाही. आपल्यात ते मेल्यावरही माणसाच्या हातातच असतं, मग माणूस कुठंय? गल्ली गोळा झाली. अप्पा आडतीवरून येऊन चिठ्ठी वाचेपर्यंत मी तीन तास मेलो होतो. ते माझं पहिलं मरण, आणि मी तिथं हजरही नव्हतो.

अडुसष्टला अप्पा गेले तेव्हा आलो होतो. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. तासभर मी मागं उभा राहिलो, तिनं वळून पाहिलं नाही. त्याच गाडीनं परत आलो. पुन्हा ती पाठ बघायची ताकद माझ्यात नाही, बाबा. साहेबांना सांग, वसंतराजचं शूटिंग आहे.

तुझा,
बसू

·

लातूर, १४ नोव्हेंबर १९८२

ती. अण्णास शरणार्थ.

पत्राला उशीर झाला, कारण हे पत्र लिहायचं की नाही याच विचारात होतो. काल घरात भांडण झालं आणि ठरलं.

टँकर आता तीन दिवसांतून एकदा येतो. घरटी सहा घागरी. माझ्या बायकोनं, रुद्राणीनं, प्रत्येकाचं पाणी ठरवून दिलंय. तिचा स्वभाव तुला माहीत नाही, तिच्यापुढं आमचे साहेबही सरळ होतील. काल तिनं अव्वाला पकडलं. अव्वाच्या पूजेला एक तांब्या ठरलेला, आणि अव्वा दोन घेत होती. रुद्राणी म्हणाली, "अत्ती, एका जीवाला दोन तांबे कशाला लागतेत?" अव्वानं तांब्यावर पदर घातला. शेवटी म्हणाली, "दुसरा माज्या प्यायच्या पाण्यातला हाय. तुमचं न्हाई घेतलं."

खरं होतं ते. महिनाभर ती आपलं प्यायचं पाणी वाचवत होती.

अण्णा, दुसरा तांब्या तुझा आहे. एकसष्टपासून अव्वा रोज दोन पूजा करते. आधी स्वतःचं लिंग डाव्या हातावर घेते, मग तुझं. पाणी घालते, विभूती लावते, बेलाचं पान ठेवते. दोन्ही झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया दोन करतात. तुझ्या लिंगावरचं पाणी ती बेलाच्या रोपाला घालते. डालड्याच्या डब्यातलं ते रोप तिनं निलंग्याहून मांडीवर आणलं. आमच्या गल्लीत सध्या तेवढंच हिरवं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तंबूचा सिनेमा आला होता, त्यात तुला सरणावर जाळलं. अव्वा बघायला गेली होती. आपल्यात कुणाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, आणि तिच्या पोराला आडवं घालून आग लावली. ती घरी आली, हातपाय धुतले आणि त्या दिवशी तुझी पूजा पुन्हा एकदा केली. मी स्वतः बघितलंय.

आणि अप्पा गेले तेव्हा तिनं पाठ फिरवली म्हणतोस. तेव्हा तिच्या हातावर तुझंच लिंग होतं. तू पुढं येऊन हात पसरशील म्हणून ती तासभर तशी बसली होती. हात आखडून गेला होता तिचा. मी विचारलं होतं, तूच का नाही दिलंस? म्हणाली, "तेचं तेनं मागून घेतलं पायजे. मी कशी गळ्यात घालू? आन् तू तेला काय सांगायचं न्हाई. तेचं तेला उमगू दे." म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. खरं सांगायचं तर तुझा थोडा रागही होता. तू मरायचास आणि घरात उपास मी बघायचो.

आता काय ते तू ठरव.

तुझा,
माणिक

·

कोल्हापूर, ३ डिसेंबर १९८२

चि. माणिक,

पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं आणि ठेवून दिलं.

एकवीस वर्षं मी सकाळी उठून आधी चहा घेतोय, मग नाश्ता, मग सेटवरचा डबा. आणि तिकडं ती माझी पूजा उरकल्याशिवाय जेवत नव्हती. मला वाटायचं, आपण एकटे आहोत म्हणून कुणाला आपला त्रास नाही. लग्न केलं नाही ते त्याच हिशेबानं.

मी येतो. सव्वीस जानेवारीला येतो. साहेबांचा हार घेईन, पण मी कशासाठी येतोय ते तू अव्वाला सांग. तिला विचार, मी हात पसरला तर ती देईल ना?

एक सांगायचं राहिलं. मला पहिल्यांदाच मोठं काम मिळालंय. म्हातारा आजोबा, पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत. मरतो तो अगदी शेवटी. पण चोवीसपर्यंत मला सोडतो म्हणालेत.

बसू

·

लातूर, ३० जानेवारी १९८३

ती. अण्णास शरणार्थ.

तू आला नाहीस. तारही उशिरा आली. मंचावर तुझ्या नावाची पाटी लावलेली खुर्ची होती. साहेबांनी तिच्यावर शेवटी देगलूरच्या एका भजनी बुवांना बसवलं, पाटी तशीच राहिली. लोकांना ते बुवाच वसंतराज वाटले. दोघातिघांनी त्यांची सही घेतली.

मला त्याचं काही नाही. पण अव्वा पहाटे उठून इरकली लुगडं नेसून बसली होती. तुझी पूजा केली नव्हती. म्हणाली, आज तेचं तो करील. दुपारचे चार वाजले तरी उपाशी. रुद्राणीनं दुसरा तांब्या भरून तिच्यापुढं आणून ठेवला आणि म्हणाली, "करा अत्ती, उद्या येतेल ते." तेव्हा तिनं केली.

त्या दिवसापासून ती खचलीय. डॉक्टर म्हणतात वय झालं, अंगात ताकद नाही. लिंग हातावर ठरत नाही, रुद्राणी खालून हात धरते. अव्वाचं एकच चालू असतं, "माजं माज्यासंगं जाईल. तेचं कुनी करायचं?"

अण्णा, मी जास्त लिहीत नाही. ती आहे तोवर ये.

माणिक

·

मुक्काम पन्हाळा, २० फेब्रुवारी १९८३

चि. माणिक,

शिव्या दे, त्या माझ्याच आहेत. चोवीसला सोडणार होते, ऐनवेळी शूटिंगच्या घोड्यांच्या तारखा नेमक्या तेव्हाच्या आल्या. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मी हट्ट धरला असता तर सोडलं असतं. मीच धरला नाही. पिशवी भरलेली होती, तीच उशाला घेऊन झोपलो. कॅमेऱ्यापुढं रडायला मला कधी वेळ लागला नाही. तिच्यापुढं हात पसरायचा म्हटलं की बोटंच उघडत नाहीत.

इथं एक गोष्ट झाली. सिनेमातल्या आजोबाचं शेवटचं मरण कसं घ्यायचं ते चाललं होतं. मी म्हणालो, भिंतीला टेकून बसल्या बसल्या जाऊ दे त्याला, आमच्यात असंच बसवतात. दिग्दर्शक तरुण पोरगा आहे, चांगला आहे. म्हणाला, नको, बसलेला माणूस मेलाय हे लोकांना कळणार नाही. मी अंथरुणावर आडवा पडून दाखवलं.

मार्चअखेर इथलं उरकेल. पाडव्याच्या आधी नक्की येतो. तोवर अव्वाच्या जिवाला घोर नको म्हणून एक सुचवतो. लातूरचे आडते गुळासाठी कोल्हापूरला येत असतात. कुणा आपल्या माणसाबरोबर डबी पाठवून दे. तसं कुणी नसेल तर रजिस्टरनं पाठव, हल्ली टपाल चांगलं झालंय. मी इथंच गळ्यात घालीन आणि घालूनच तिच्यापुढं येईन.

बसू

·

लातूर, २९ मार्च १९८३

ती. अण्णास,

चोवीस तारखेला तार केली होती. तुझ्या कोल्हापूरच्या खोलीला कुलूप असेल. म्हणून हे पत्र पन्हाळ्याच्या पत्त्यावर.

अव्वा गुरुवारी सकाळी गेली.

तुझं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. रजिस्टरचं वाचायला नको होतं, पण वाचून गेलो. तिनं तुझी डबी जवळ ओढली. मग म्हणाली, "टपालानं आलं म्हनून टपालानं जानार न्हाई ते." आणि तुझी डबी तिनं स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली, तिच्या डबीच्या शेजारी. कुणाला काढू देईना. शेवटचे चार दिवस दोन्ही तिच्या छातीवर होती.

तिला भिंतीला टेकवून बसवलं. विभूती लावली, तेच इरकली लुगडं नेसवलं. तुझा दिग्दर्शक म्हणाला होता की बसलेला माणूस मेलाय हे कळणार नाही. अण्णा, सगळ्या गल्लीला कळलं. टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि घागरी खाली ठेवून माणसं उभी राहिली.

निलंग्याला नेलं, अप्पांच्या शेजारी. मातीत बसवल्यावर स्वामींनी तिचं लिंग तिच्या डाव्या हातावर ठेवलं. मग दुसरी डबी बघून विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हणालो, तिच्या थोरल्याचं. ते म्हणाले, "मग तो गेला का?" मी म्हणालो, नाही, आहे. "आहे तर हे मातीत जाणार नाही. कोण घेतंय?" माझा हात पुढं होईना. रागानं होईना की कशानं, मला सांगता येत नाही. इतक्या माणसांत रुद्राणी पुढं आली आणि तिनं पदर पसरला. म्हणाली, "मोठे भावजी येईस्तोवर मी बघते."

ती रोज करते आता. पाणी तिच्याच वाट्याचं. पूजा झाल्यावर बेलाला घालते आणि मग चहा पिते. काल टँकर आला नाही, तरी एक तांब्या झाकून ठेवलेला होता.

अव्वा तुझ्यावर रागावली नव्हती. शुद्धीत होती तोवर दाराकडं बघायची. ते बघणं मला सोसत नव्हतं, म्हणून मी दारात उभा राहत नव्हतो. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. वाटलं तर वाटू दे.

माणिक

·

पन्हाळा, १ एप्रिल १९८३

चि. माणिक,

पत्र काल दुपारी मिळालं. जेवणाची सुट्टी होती, पान वाढलेलं होतं. ते तसंच ठेवून उठलो.

माझा मरणाचा शॉट आज सकाळी होता. अंथरुणावर पडलो, नटी रडायला लागली, आणि मी नेहमीसारखी दुकानं मोजायला घेतली. तेल्याचं दुकान आलं, मठ आला, पुढं अप्पांच्या शेजारची ताजी माती आली आणि मी उठून बसलो. तो पोरगा म्हणाला, काका, परत घेऊ. मी म्हणालो, पाठीमागून कुणालाही घ्या, माझ्यासारखा दिसला म्हणजे झालं, मला आता जमायचं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि गाडीपर्यंत पिशवी आणून दिली. लोक म्हणाले, वसंतराजची तब्येत बरी नाही.

आज हे पत्र टाकून कोल्हापूरला खोली आवरतो. परवा सकाळच्या गाडीनं निघतो, सोलापूरला गाडी बदलून रात्रीपर्यंत लातूर. हे पत्र माझ्या आधी पोचेल का माहीत नाही. नाही पोचलं तर मी दारात उभा असेन, तू बाजूला हो म्हणजे झालं.

अव्वापुढं पसरायचा हात आता रुद्राणीपुढं पसरणार आहे. तिला सांग, देताना काही बोलायचं असेल ते खुशाल बोलावं, मी ऐकून घेईन. आणि पाणी तिच्या वाट्याचं नको. वाटेत जिथं मिळेल तिथून एक कळशी भरून आणतोय.

काल दुपारपासून मी काही खाल्लेलं नाही. पूजा झाल्यावर जेवीन. जे असेल ते चालेल, उरलेली भाकरी असली तरी चालेल, फक्त माझ्यासाठी कुणी थांबू नका.

बसलिंगप्पा